रामशास्त्री प्रभुणे : पेशव्याला देहान्त प्रायश्चित्त सांगणारे न्यायाधीश

३० ऑगस्ट १७७३. पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. पेशवेपद मिळाले काका रघुनाथरावांना, आणि संशयही त्यांच्यावरच होता. राज्यकर्ताच आरोपी असेल, तर न्याय कोण करणार?

कोण होते रामशास्त्री?
मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. काशीत धर्मशास्त्र शिकून ते पेशव्यांच्या सेवेत आले. १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. थोरले माधवराव जपजाप्यात फार वेळ घालवू लागले, तेव्हा शास्त्रीबुवांनी त्यांना स्पष्ट सुनावले, असे सांगतात : पूजापाठच करायचा असेल तर गादी सोडून काशीला चला, गादीवर बसायचे असेल तर प्रजेचे काम हाच धर्म. माधवरावांनी ते मानले.

धर्मशास्त्रात राजावर बंधने कोणती?
प्रजेचे रक्षण आणि अपराध्याला दंड ही राजाची मुख्य कर्तव्ये. राजा धर्माच्या वर नाही. ज्या गुन्ह्याला सामान्य माणसाला एक कार्षापण दंड, त्याच गुन्ह्याला राजाला हजार, असे मनुस्मृती सांगते. पण हा दंड वसूल करणारी वेगळी यंत्रणा नव्हती.

निकालाचे काय झाले?
रामशास्त्रींनी चौकशी केली. नारायणरावांना धरण्याच्या हुकमात ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा प्रसिद्ध आहे. शास्त्रींनी मात्र रघुनाथरावांना दोषी धरले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. अडचण इथेच होती. प्रायश्चित्त दोषी माणसाने स्वतःहून घ्यायचे असते. रघुनाथरावांनी ते घेतले नाही. न्यायाधीशाच्या हाती फौज नव्हती. पद सोडणे तेवढे हाती होते. ते सोडून रामशास्त्री पुण्याबाहेर पडले.

मग निकाल वाया गेला का?
शिक्षा अमलात आली नाही. रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगावी वारले. पण खुनाचा डाग घेऊन त्यांना राज्य करता आले नाही. बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध फळी उभारली. १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव जन्मला आणि पेशवाईची वस्त्रे त्या तान्ह्या बाळाला मिळाली. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले.

रामशास्त्री १७७७ मध्ये पुन्हा न्यायाधीश झाले आणि १७८९ मध्ये निवर्तले. राजाला रोखण्याचे बळ धर्मशास्त्राच्या पोथीत नव्हते. निकाल तोंडावर सांगून पदावर पाणी सोडणारा माणूस मिळाला, म्हणून ते बंधन दिसले.