गीझरमधला रॉड आणि हम्फ्री डेव्हीची जहाजं

मागच्या दिवाळीत बीडला घरी गेलो, तेव्हा प्लंबर गीझर उघडून बसला होता. आमच्याकडे बोअरचं पाणी, क्षार भरपूर. त्याने आतून एक रॉड बाहेर काढला. बोटाएवढा जाड असायला हवा होता, हातात आली खडबडीत काडी. बाबांना वाटलं, गीझर गेला. खरं तर रॉड गेला म्हणूनच टाकी वाचली होती.

हा रॉड मॅग्नेशियमचा असतो. त्याचं काम एकच, टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजायचं. ही आयडिया 200 वर्षं जुनी आहे आणि ती निघाली खाऱ्या पाण्यातल्या जहाजांसाठी. ज्याच्या डोक्यातून ती निघाली, त्या हम्फ्री डेव्हीनेच 1808 मध्ये मॅग्नेशियम पहिल्यांदा वेगळं केलं होतं!

डेव्हीचा जन्म 1778 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्स या गावी झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते लवकर गेले आणि पोरगा एका सर्जनच्या हाताखाली काम शिकायला लागला. कॉलेजची डिग्री वगैरे काही नाही. विशीत तो ब्रिस्टलला वायूंवर प्रयोग करत होता, तेही स्वतः हुंगून. 1800 मध्ये व्होल्टाची बॅटरी आली आणि डेव्हीला त्याचं हत्यार सापडलं. वीज सोडून त्याने 1807 मध्ये पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. 1815 मध्ये खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवला आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. 1820 मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. थोडक्यात, त्या काळातला सुपरस्टार.

आता जहाजांकडे येऊ. लाकडी जहाजांचे तळ समुद्री किडे पोखरायचे, म्हणून ब्रिटिश नौदल तळावर तांब्याचा पत्रा ठोकायचं. पहिला मोठा प्रयोग 1761 मध्ये ‘अलार्म’ जहाजावर झाला. दोन-तीन वर्षांनी पाहिलं तर पत्रा धरून ठेवणारे लोखंडी खिळे सडलेले. काही खिळे मात्र ठणठणीत होते. का? पत्र्याला गुंडाळून आलेला कागद तिथे काढायचा राहून गेला होता! तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटले नाहीत, म्हणून ते खिळे वाचले.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि वर खारं पाणी आलं, की झाली बॅटरी तयार. जो धातू इलेक्ट्रॉन लवकर सोडतो तो विरघळतो, दुसरा शाबूत राहतो. नौदलाने पुढे लोखंडाऐवजी तांबं मिसळलेल्या धातूचे बोल्ट वापरायला सुरुवात केली. खिळ्यांचा प्रश्न सुटला, पण पत्रा स्वतःच समुद्रात झिजत राहिला आणि खर्च वाढत गेला.

1823 मध्ये नौदलाने डेव्हीला विचारलं. त्याने प्रश्न उलटा केला. लोखंड झिजून तांब्याला वाचवतं ना? मग मुद्दाम झिजू द्या! प्रयोगशाळेत वाटाण्याएवढ्या जस्ताने 40-50 चौरस इंच तांबं वाचलं, म्हणजे साधारण तीन मोबाईलच्या स्क्रीनएवढं. जानेवारी 1824 मध्ये त्याने हे रॉयल सोसायटीसमोर मांडलं आणि त्याच वर्षी खऱ्या जहाजांवर ‘प्रोटेक्टर’ बसू लागले. त्यातलं ‘समरंग’ आपल्याकडचं, कोचीनला बांधलेलं. त्याच्या तळाला तांब्याच्या सुमारे 80व्या हिश्शाएवढं लोखंड लावलं आणि ते नोव्हा स्कॉशियाला जाऊन आलं. तांबं मस्त टिकलं.

पण बाकीची जहाजं परत येऊ लागली तेव्हा तळावर शेवाळ आणि शिंपल्यांसारख्या जिवांचा थर! जहाजं जड झाली, वेग पडला. कारण साधं होतं. तांबं थोडं थोडं विरघळायचं, त्याच्या विषामुळे हे जीव चिकटत नव्हते. डेव्हीने विरघळणं थांबवलं आणि विषही थांबलं. बंदरातल्या चाचण्यांत याची चिन्हं त्याला दिसली होती, पण लोखंडाचं प्रमाण कमी केलं की जमेल, असं त्याला वाटलं. 1825 मध्ये नौदलाने समुद्रात जाणाऱ्या जहाजांवर प्रोटेक्टर बसवणं थांबवलं. पेपरांतून टिंगल झाली.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हा भाग वाचताना पोटात गोळा येतो. बग फिक्स केला, सगळ्या टेस्ट पास, आणि त्या बगवरच उभं असलेलं दुसरं काहीतरी प्रॉडक्शनमध्ये कोसळलं. फरक इतकाच, आपल्याकडे रोलबॅकचं बटण असतं. डेव्हीची जहाजं तेव्हा समुद्रात होती. त्याचं गणित चुकलेलं नव्हतं, हे मात्र लोक विसरतात.

1826 च्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी त्याने अध्यक्षपद सोडलं आणि 29 मे 1829 ला जिनिव्हात तो वारला. वय फक्त 50.

पुढे लोखंडी आणि पोलादी जहाजं आली. त्यांच्या तळाला तांब्यासारखं विष नव्हतंच, त्यामुळे प्रोटेक्टर लावून गमवायचं काही नव्हतं. शेवाळासाठी वेगळा रंग आला आणि गंजासाठी डेव्हीची आयडिया परत आली. आज पोलादी बोटीच्या तळाला, ब्रॉन्झच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे लावतात आणि झिजले की बदलतात. ठोकळ्यावर रंग मात्र मारायचा नाही, नाहीतर तो पाण्याला लागतच नाही आणि बोट झिजायला लागते. जिथे जमेल तिथे दोन धातूंमध्ये रबर किंवा प्लॅस्टिकचा वॉशरही घालतात, ‘अलार्म’वरच्या त्या कागदासारखा.

आमच्या गीझरला नवा रॉड बसलाय. तुमच्याकडेही बोअरचं पाणी असेल, तर वर्षातून एकदा उघडून बघायला सांगा. रॉड निम्म्याहून जास्त झिजला असेल, तर तेव्हाच बदला.