बर्ट मन्रो आणि त्याचे इंजिन

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी असदगडाच्या परिसरात, मोटरसायकल दुरुस्त करणाऱ्या एखाद्या कारागिराच्या दुकानापुढे क्षणभर थांबलात, तर उघडलेल्या इंजिनाचे भाग गोणपाटावर मांडून ठेवलेले दिसतात. कारागीर त्यांतील एक उचलतो, उजेडाकडे धरतो, त्यावरून अंगठा फिरवतो आणि मग इंजिन का बंद पडले ते सांगतो. मोडलेली वस्तू वाचण्याची हीच विद्या आयुष्यभर उपासून, तिच्या बळावर जागतिक विक्रम करणारा एक माणूस दूर न्यूझीलंड देशात होऊन गेला. त्याचे नाव बर्ट मन्रो.

मन्रोचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी, त्या देशाच्या दक्षिण टोकाजवळील इन्व्हरकार्गिल या गावी झाला. त्याची जुळी बहीण जन्मतःच दगावली. आणि हा मुलगाही दोन वर्षांपलीकडे जगणार नाही, असे त्याच्या आईबापांना सांगण्यात आले होते. ते भाकीत खोटे ठरले. शेतावर वाढलेल्या या मुलाला वेगाचे विलक्षण वेड होते. १९२० साली, एकविसाव्या वर्षी, त्याने ‘इंडियन स्काउट’ नावाची मोटरसायकल विकत घेतली. ही गाडी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बनलेली होती. आपल्या देशाशी तिचा संबंध केवळ नावापुरताच. तिच्या इंजिनाचे आकारमान ६०० घन सेंटिमीटर होते आणि ती फार तर ताशी ८८ किलोमीटर धावे. इतरांना तेवढा वेग पुरला असता. मन्रोला पुरला नाही. १९२६ पासून त्याने तिच्या इंजिनात फेरफार करण्यास आरंभ केला, आणि ते काम पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ चालले.

इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेट घेते. त्या ज्वलनाच्या दाबाने सिलिंडरमधील दट्ट्या खाली ढकलला जातो आणि त्याला जोडलेला पोलादी दांडा चाकांकडे जाणारी गती निर्माण करतो. वेग वाढवावयाचा, तर हे मिनिटाला हजारो वेळा आणि अधिक जोराने घडले पाहिजे. परंतु कारखान्यात घडवलेले भाग त्यासाठी बनलेले नव्हते. मन्रोच्या इंजिनाचे दट्टे, दांडे आणि सिलिंडर एकामागून एक निकामी होऊ लागले.

अशा वेळी नवे भाग आणून बसविणे सोपे. पण तेच कारण कायम राहिले, तर नवा भागही मोडणारच. म्हणून जाणता कारागीर आधी मोडतोड तपासतो. दट्ट्याच्या माथ्याला भोक पडलेले असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडले अथवा ठिणगी वेळेपूर्वी पडली, असा संशय घ्यावा. त्याच्या कडेवर उभे ओरखडे असतील, तर तेल पोहोचले नसावे. किंवा दट्ट्या आणि सिलिंडर यांमध्ये पुरेशी मोकळीक नसल्याने तापलेला दट्ट्या फुगून अडकला असावा. दांडा तुटला असेल, तर तुटलेली बाजू पाहावी. तिचा काही भाग गुळगुळीत आणि उरलेला खरखरीत दिसला, तर बारीक चीर कित्येक दिवस वाढत होती आणि शेवटी उरलेला भाग एकाएकी तुटला, असे समजते. कित्येकदा वैद्याला नाडी पाहून जे कळते, ते येथे राखेत आणि ओरखड्यात लिहिलेले असते.

मन्रोजवळ पैसा नव्हता. दिवसा तो मोटरसायकली विकण्याचे काम करी आणि रात्री इंजिनापाशी बसे. पुढे तर नोकरी सोडून तो एका साध्या शेडमध्येच राहू लागला. तेथेच अंथरूण आणि तेथेच कारखाना. जुन्या डब्यांचे साचे करून त्यांत तो धातू ओती. मापे घेण्यासाठी चाकाचा एक जुना स्पोक वापरी. ट्रॅक्टरच्या पोलादी आसातून त्याने हाताने दांडे कोरून काढले. इंजिनाच्या बगलेला असलेल्या झडपा त्याने सिलिंडरच्या माथ्यावर आणल्या, त्यामुळे वायूंचा मार्ग अधिक सुलभ झाला. आकारमानही वाढत वाढत ९५० घन सेंटिमीटरपर्यंत गेले. हे सर्व तो कोणत्याही अभियांत्रिकी विद्यालयात शिकलेला नव्हता. फुटलेले भाग मात्र त्याने फेकले नाहीत. शेडमधील एका फळीवर ते ओळीने मांडलेले असत, आणि ही आपण वेगाच्या देवाला वाहिलेली पूजा आहे, असे त्याने त्या फळीवर विनोदाने लिहून ठेवले होते.

अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण, सपाट मैदान आहे. वेगाचे विक्रम तेथे नोंदले जातात. वयाची साठी उलटलेला मन्रो आपली जुनी गाडी घेऊन तेथे दाखल झाला. १९६२ साली, त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने आपल्या गटात ताशी २८८ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. १९६६ साली आणखी एक. १९६७ साली, अडुसष्टाव्या वर्षी, त्याने १,००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या गटात ताशी २९५ किलोमीटरहून अधिक वेग नोंदविला. मूळच्या ८८ किलोमीटरशी याची तुलना करून पाहावी! तरुण स्पर्धकांच्या नव्या कोऱ्या यंत्रांमध्ये सत्तेचाळीस वर्षांचे ते इंजिन धावत होते.

६ जानेवारी १९७८ रोजी मन्रोचे निधन झाले. २००५ मध्ये त्याच्या जीवनावर चित्रपटही निघाला. त्यानंतर काही वर्षांनी त्याच्या मुलाला १९६७ च्या नोंदीतील हिशेबाची एक चूक आढळली. अमेरिकन मोटरसायकल संघटनेने २०१४ साली ती सुधारली, आणि मन्रोच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी त्याचा विक्रम ताशी २९६.२६ किलोमीटर असा नोंदला गेला.