मुक्काम शेंडेनक्षत्र

मंडळी, आमच्या घरात सध्या परग्रहवासीयांचा मुक्काम आहे. लेक इंग्रजीतून अंतराळाच्या जाडजूड कादंबऱ्या वाचतो. परवा त्याने विचारलं, आई, मराठीत असलं काही नसतंच का गं? मला चटकन आठवले भा. रा. भागवत.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० चा, इंदूरचा. म्हणजे आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेरचा मराठी माणूस! काही काळ त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली. पण मन रमलं ते मुलांच्या पुस्तकांत. १९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ मासिक सुरू केलं. पत्नी लीलावतीबाई स्वतः बालसाहित्यिका, त्यामुळे घरात लिहिणारे हात चार. मासिक पुढे बंद पडलं, भागवतांची लेखणी मात्र थांबली नाही.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कथा त्यांनी मराठीत आणल्या. ‘चंद्रावर स्वारी’ त्यातलीच. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ मध्ये एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि निरनिराळ्या देशांची माणसं आपल्याबरोबर उचलून नेतो. फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, सगळ्यांना एकत्र राहणं शिकावं लागतं. आपल्या एचडीबी ब्लॉकची आठवण होते की नाही? धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हटलं, की ती शेपटी लगेच शेंडीसारखी डोळ्यांसमोर येते. ‘उडती छबकडी’ हे नावही असंच, उडत्या तबकडीवरून खट्याळपणे बेतलेलं. मराठीत विज्ञानकथेचा फारसा बोलबाला नसताना भागवत हे सगळं मुलांना देत होते.

त्यांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, तर घराघरांत पोचला. भागवत २००१ साली गेले. २०१७ मध्ये फेणे मोठ्या पडद्यावर आला, तेव्हा दिलीप प्रभावळकरांनी त्यात भागवतांवर बेतलेली भूमिका केली.

इथल्या शाळांत मातृभाषेच्या तासाला मराठी नाही. आपली बरीच मुलं हिंदी घेतात. मग मराठी उरते ती वरणभातापुरती आणि आजीच्या फोनपुरती. अंतराळ, साहस, अनोळखी जीव हे सगळं इंग्रजीच्या वाट्याला जातं. भागवतांनी तेच मराठीच्या ताटात वाढलं होतं.

या दिवाळीत आम्ही रोज रात्री शेंडेनक्षत्राची चार पानं मोठ्याने वाचतोय. लेक दर ओळीला अडतो, अर्थ विचारतो. पण काल मी पुस्तक मिटलं, तेव्हा तोच म्हणाला, अजून एक पान वाच ना!