पक्षिवेडे सालिम अली

उर्दूच्या तासाला इक्बालच्या कवितेतला शाहीन तुम्हांला भेटलाच असेल. शाहीन म्हणजे ससाणा. ससाणा, शिक्रा, घार, गरुड हे सारे शिकारी पक्षी. दिवाळीच्या सुमारास पाऊस सरला, की आपल्या बीड जिल्ह्याच्या माळरानांवर परदेशातून काही शिकारी पक्षी येऊ लागतात. त्यांतला भोवत्या मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून हजारो किलोमीटर उडत येतो. पंख किंचित वर धरून तो गवतावरून अगदी खालून तरंगत जातो आणि टोळ, उंदीर टिपतो. सहलीत तो दिसला, की कोणीतरी हटकून "घार! घार!" म्हणून ओरडतो. ती घार नव्हे, हे ओळखायला ज्यांच्या पुस्तकांनी भारतीयांना शिकवले, ते डॉ. सालिम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता. भाच्याच्या हातीही छऱ्यांची बंदूक आली. दहाएक वर्षांच्या सालिमने एकदा एक चिमणी पाडली. पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! अशी चिमणी खाणे हलाल आहे की नाही, अशी शंका येऊन त्याने ती मामांना दाखवली. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला ती चिमणी कोणती ते सांगितले आणि जपून ठेवलेले शेकडो मृत पक्षी दाखवले. एखाद्याने 'जा, खेळ' म्हणून परत पाठवले असते, तर?

शाळेत सालिमचे गणिताशी जमत नसे. कॉलेज अर्धवट सोडून तो ब्रह्मदेशात घरच्या धंद्यावर गेला. धंदा बुडाला, पण तिथल्या जंगलांत पक्षी भरपूर पाहून झाले. पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी मिळाली. अधिक शिकण्यासाठी ते बर्लिनला गेले आणि १९३० साली परतले, तर पैशाअभावी ती जागाच बंद झालेली! हाती पदवी नाही, म्हणून दुसरी नोकरीही मिळेना. मग पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सुगरणीला उर्दूत बया म्हणतात. सालिम अली तासन् तास घरट्यांकडे पाहत बसत. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच राहते. मग तो नर दुसऱ्या घरट्याला लागतो. हे रोज समोर घडत होते, पण इतक्या चिकाटीने कोणी पाहिले नव्हते.

१९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या याच संस्थानात होता. तहमीनाबाई तंबूतल्या मुक्कामांत बरोबर असत. त्या काळी नमुने गोळा करण्यासाठी पक्षी मारावे लागत, आणि सालिम अलींनीही ते मारले. हे लपवून त्यांचे चरित्र सांगण्यात अर्थ नाही. १९३९ साली तहमीनाबाई वारल्या. त्या धक्क्यातून ते सावरले, आणि १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक निघाले.

बाहेरून येणारे पक्षी नेमके कोठून येतात, हे कसे कळावे? त्यासाठी सोसायटीने १९५९ पासून त्यांच्या पुढाकाराने मोठी मोहीम काढली. जाळ्यात पक्षी धरायचा, पायात क्रमांक कोरलेले हलके कडे घालायचे आणि त्याला सोडून द्यायचे. दूर देशी तो कोणाच्या हाती लागला आणि तिकडून पत्र आले, की वाट कळे. बंदुकीची जागा आता कड्याने घेतली होती.

नावामागचे 'डॉक्टर' सन्मानाने मिळालेले. १९५८ साली अलिगढ मुस्लिम विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. त्याच वर्षी पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. १९८५ साली ते राज्यसभेचे सदस्य झाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

२०२० साली महाराष्ट्र शासनाने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. त्याचा शेवटचा दिवस हा सालिम अलींचा जन्मदिवस. त्या आठवड्यात वर्गातल्या मुलामुलींनी गुरुजींबरोबर माळावर जावे. सूर्य मावळण्याआधी तासभर पोहोचा आणि दूर बांधावर गप्प बसा. भोवत्ये एकेक करून येतात आणि रात्री झाडावर नव्हे, तर उंच गवतात जमिनीवरच झोपतात. म्हणून गवतात शिरू नका. जो माळ नांगरला गेला, तिथे त्यांना झोपायला जागा उरत नाही. मागच्या वर्षी ते कोठे उतरले होते, हे गावातल्या मेंढपाळाला आधी विचारून घ्या.