ज्याच्या नावाचं तेल आपण ट्रॅक्टरमध्ये भरतो, तो रुडॉल्फ डिझेल समुद्रात बेपत्ता कसा झाला?

कोल्हापूर शहराला लागून असलेलं उचगाव. उसाचा हंगाम सुरू झाला की गावोगावचे जुने ट्रॅक्टरही कामाला जुंपले जातात. एखाद्या सकाळी असा ट्रॅक्टर सुरू होतो, दोन मिनिटं धडधडतो आणि बंद पडतो. बॅटरी ठणठणीत आहे, टाकीत डिझेल आहे, तरी इंजिन पकडत नाही. मिस्त्री येतो, डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल करतो, हँड पंप मारतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे. निदान ठरलेलं असतं: एअर धरलीय.

इंजिनात तेल पोहोचवायचं कसं? नेमक्या वेळी, नेमकं तेवढंच आणि पुरेशा दाबानं? हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका इंजिनिअरला छळत होता. त्याचं आडनाव आज प्रत्येक पेट्रोल पंपावर लिहिलेलं असतं. रुडॉल्फ डिझेल.

युद्धामुळे घर सुटलेला मुलगा

डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मन, वडिलांचा कातडी वस्तू बनवण्याचा व्यवसाय. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीतल्या ऑग्सबर्गला नातेवाईकांकडे पाठवलं गेलं.

पुढे तो म्युनिकला शिकला. तिथे कार्ल फॉन लिंडे हे त्याचे प्राध्यापक होते. रेफ्रिजरेशनच्या तंत्रात मोठं काम केलेले हेच ते लिंडे. त्यांच्या वर्गात त्याला कळलं की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामाला लावतं. बाकीची उष्णता वाया जाते. ही उधळपट्टी थांबवायची, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

कल्पना नेमकी काय होती?

सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. हवा दाबली की गरम होते. डिझेलचा विचार असा होता की सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबायची की ती तापून, आत सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय आपोआप पेटेल. म्हणूनच डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो.

१८९३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. ऑग्सबर्गचा इंजिन कारखाना आणि क्रुप ही पोलाद कंपनी पैसे लावायला तयार झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिली चाचणी झाली. इंधन आत गेलं आणि असा स्फोट झाला की दाब मोजणाऱ्या यंत्राचे तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात वाचला. पण इंधन दाबलेल्या हवेत पेटतं, हे सिद्ध झालं होतं.

खरी डोकेदुखी इंधनाची

पेटंटमध्ये त्यानं कोळशाच्या भुकटीचाही विचार केला होता. ते जमलं नाही. शेवटी तेलावर भर द्यावा लागला. पण सिलिंडरमध्ये आधीच प्रचंड दाब असताना त्यात तेल घुसवायचं कसं? त्या काळी एवढा अचूक पंप बनवणं अवघड होतं. त्यामुळे कॉम्प्रेसरमधल्या जास्त दाबाच्या हवेनं तेल आत फुंकलं जाई.

ही युक्ती चालली. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरित्झ श्र्योटर यांनी घेतलेल्या चाचणीत इंजिननं इंधनातली २६ टक्क्यांहून जास्त उष्णता कामाला लावली. वाफेचं इंजिन मागे पडलं. पण कॉम्प्रेसरमुळे डिझेलचं इंजिन अवजड झालं. ते कारखान्यात आणि जहाजात बसलं, शेतात मात्र आलं नाही.

पैसा आला आणि गेला

पेटंटचे हक्क विकून डिझेल कोट्यधीश झाला. म्युनिकमध्ये त्यानं आलिशान बंगला बांधला. पण सुरुवातीची इंजिनं ग्राहकांकडे सारखी बिघडत होती. तक्रारी वाढल्या, पेटंटवरून वाद झाले, गुंतवणुकीत पैसे बुडाले. ताणामुळे त्याला रुग्णालयात उपचार घ्यावे लागले.

याच काळात एक गोष्ट घडली, जी आपल्याकडच्या शेतकऱ्याला जवळची वाटेल. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचं एक छोटं इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. आज आपण ज्याला बायोडिझेल म्हणतो, त्या विचाराची मुळं तिथपर्यंत जातात.

ती शेवटची रात्र

२९ सप्टेंबर १९१३ रोजी डिझेल बेल्जियममधल्या अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन या बोटीवर चढला. रात्री जेवला, सकाळी उठवायला सांगून खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती, अंथरुणही तसंच होतं. डेकवर त्याची टोपी आणि कोट सापडला.

काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि मृतदेह पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तू डिझेलच्या मुलानं ओळखल्या. तोवर त्याचं दिवाळं निघालेलं असल्याचं उघड झालं होतं. आत्महत्या, अपघात की घातपात? आत्महत्येकडे बोट दाखवणारे बरेच आहेत, पण शंभर टक्के उत्तर कधीच मिळालं नाही.

अर्धवट राहिलेलं काम कुणी पूर्ण केलं?

डिझेलवर चालणारे ट्रॅक्टर जर्मनीत १९२० च्या दशकात आले. ते पाहायला डिझेल नव्हता. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीनं इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. तेल फुंकायला हवेची गरज संपली आणि इंजिन हलकं झालं. याच कंपनीचा, म्हणजे आपल्याकडे मायको म्हणून ओळखला जाणारा कारखाना नाशिकला आहे. तिथे डिझेल इंजिनची नोझल बनतात.

गंमत बघा. डिझेलच्या इंजिनात हवाच तेल आत ढकलायची. आजच्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये तीच हवा तेलाची वाट अडवते. कारण तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाइपमध्ये बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो दाबण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही.

म्हणून ट्रॅक्टर अडला तर आधी साध्या गोष्टी बघायच्या. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का? पाइपचे जोड सैल आहेत का? फिल्टर चोंदलाय का? टाकीच्या तळाशी पाणी साचलंय का? मग बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढायची. तरीही काळा धूर येत असेल, तर टपकणारं नोझल तपासून घ्यायचं. फक्त चालू नोझलसमोर हात धरायचा नाही. ती फवार कातडी फोडून आत जाते.

उचगावातला मिस्त्री स्क्रू घट्ट करतो, किल्ली फिरते, ट्रॅक्टर धडधडत उसाच्या फडाकडे निघतो. ज्या कोड्यानं एका माणसाची झोप उडवली होती, ते मिस्त्रीनं चहा गार व्हायच्या आत सोडवलेलं असतं.