राजाचा खासदार झाला, पण हातातली बंदूक सुटली नाही. बिकानेरच्या करणीसिंहांची गोष्ट

दिल्लीत तुघलकाबादला देशाचे नेमबाज जिथे सराव करतात, त्या शूटिंग रेंजला डॉ. करणीसिंह यांचं नाव आहे. बातम्यांमध्ये ते सतत येतं. पण हे डॉक्टर होते कोण?

तर ते होते बिकानेरचे महाराजा. जन्म २१ एप्रिल १९२४ चा. दुसऱ्या महायुद्धात ते आजोबा महाराजा गंगासिंह यांच्यासोबत मध्यपूर्वेत गेले होते. १९५० मध्ये वडील वारले आणि करणीसिंह महाराजा झाले. पण बिकानेर संस्थान त्याआधीच राजस्थानात विलीन झालं होतं. किताब उरला, राज्य नव्हतं.

मग त्यांनी लोकांकडे मतं मागितली. १९५२ पासून सलग पाच वेळा ते बिकानेरमधून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. राजस्थानी भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळावी, ही त्यांची मागणी होती. बिकानेर घराण्याच्या इतिहासावर प्रबंध लिहून त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेटही मिळवली.

हे सगळं करताना नेमबाजी चालूच होती. त्यांचे प्रकार ट्रॅप आणि स्कीट. दोन्हींत यंत्रातून वेगाने सुटलेली तबकडी हवेतच फोडायची असते. ट्रॅपमध्ये ती समोरून निघून नेमबाजापासून लांब जाते, तर स्कीटमध्ये दोन बाजूंच्या दोन मनोऱ्यांतून उडते.

१९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी नेमबाजीसाठी त्यांची निवड झाली. पुढच्या वर्षी कैरोच्या जागतिक स्पर्धेत ते ट्रॅपमध्ये बरोबरीने पहिले आले. निकाल शूट-ऑफवर गेला, त्यात सोनं हुकलं आणि रौप्य मिळालं.

ऑलिम्पिक पदक मात्र कधीच मिळालं नाही. रोम, टोकियो, मेक्सिको, म्युनिक आणि मॉस्को, अशी पाच ऑलिम्पिक ते खेळले. पाच ऑलिम्पिक खेळणारे ते पहिले भारतीय. दरम्यान १९७१ मध्ये तनखेही बंद झाले आणि राजेपणाची शेवटची खूणही पुसली गेली.

मुलगी राज्यश्री कुमारी हिनेही बंदूक हाती घेतली. १९६८ मध्ये तिलाही अर्जुन पुरस्कार मिळाला.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेसाठी तुघलकाबादची रेंज उभी राहिली. त्या स्पर्धेत ५८ वर्षांचे करणीसिंह ट्रॅपच्या भारतीय संघात होते आणि संघाने रौप्य जिंकलं. ६ सप्टेंबर १९८८ रोजी त्यांचं निधन झालं.

नेमबाजीत भारताला पहिलं ऑलिम्पिक पदक मिळालं ते २००४ साली, राज्यवर्धन सिंह राठोड यांच्यामुळे. तेही उडत्या तबकड्या फोडूनच.