लॉर्ड रदरफर्ड

खोलीची हवा खेळती कां ठेवावी, हें आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांतील खाणकामगारांच्या मुलांस शिकवावें लागत नाहीं. परंतु ज्यास रंग नाहीं, वास नाहीं असा एक वायु सर्वत्र जमिनींतून थोडा थोडा निघत असतो. त्याच्या जातीच्या वायूचा माग प्रथम काढणारे अर्नेस्ट रदरफर्ड यांचें हें अल्प चरित्र.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८७१ रोजीं न्यूझीलंडमध्यें झाला. वडील गाड्यांचीं चाकें करीत. आई विवाहापूर्वीं शिक्षिका होती. भावंडें बारा. विलायतेच्या शिष्यवृत्तीसाठीं प्रथम दुसऱ्याची निवड झाली. त्यानें ती नाकारली, म्हणून १८९५ सालीं रदरफर्ड केंब्रिजला पोहोंचले.

पुढें कॅनडांतील मॉन्ट्रिऑल येथें ते अध्यापक असतां १८९९ सालीं त्यांचे सहकारी ओवेन्स थोरियमचे किरण मोजीत होते. खोलीचें दार उघडलें कीं आंकडा बदले. दुसऱ्या कोणीं यंत्रास दोष देऊन तो खोडला असता. रदरफर्ड यांनीं तसें केलें नाहीं. वाऱ्यानें जें हलतें तें वायुरूप असावें, असें ताडून थोरियममधून किरणोत्सर्गी वायु निघतो हें त्यांनीं दाखविलें. १९०० सालीं जर्मनींतील डोर्न यांना रेडियमपासून तसाच वायु मिळाला. तोच आजचा रेडॉन. ३.८ दिवसांत तो निम्मा होतो.

१९०८ सालीं गायगर यांच्यासह रदरफर्ड यांनीं किरणांतील एकेक कण मोजणारें यंत्र केलें. त्याच वर्षीं त्यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९३८ च्या आरंभीं कलकत्त्याच्या विज्ञान परिषदेचें अध्यक्षपद ते भूषविणार होते. परंतु १९ ऑक्टोबर १९३७ रोजीं ते निवर्तले.

बंद खोलींत साचलेला रेडॉन वर्षानुवर्षें श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊं शकतो, हें आतां सिद्ध झालें आहे. आजचीं हातांत मावणारीं स्वस्त यंत्रें तेच कण मोजून आंकडा तारेविना दूर पाठवितात. मात्र तो वाटेंत कोणीं बदलला, तर यंत्र असून नसल्यासारखेंच! कौलांच्या फटींतून वारा खेळणाऱ्या गडचिरोलीकडील घरांपेक्षां पक्क्या, बंद खोल्यांनीं याविषयीं अधिक सावध असावें.

विद्यार्थी मित्रहो, अपेक्षित उत्तर येत नाहीं म्हणून प्रयोगवहींतील आंकडा खोडण्याचा मोह तुम्हांस होतो, हें आम्ही शिक्षक जाणतों. त्या वेळीं मॉन्ट्रिऑलचें तें दार आठवा. ईश्वरानें सृष्टींत ठेविलेलें सत्य नको वाटणाऱ्या आंकड्यांतहि असतें. तो जसा आला तसाच लिहा.